चौथीतला मुलगा आणि ‘दादर’ची पाटी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

जून उजाडला की शाळांविषयी पुष्कळ छापून येतं. फी, दप्तराचं ओझं, मराठी माध्यम की इंग्रजी, गणवेश वेळेवर मिळाले की नाही. हे सगळं यायलाच हवं. पण पहिलीच्या बाकावर बसलेल्या मुलाला वाचायला नेमकं शिकवतात कसं, याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. ते विचारण्यासाठी हे पत्र लिहितो आहे. पत्र लांबलं आहे. कापावं लागलं तर कापा, पण शेवटची विनंती तेवढी ठेवा.

मी लालबागला राहतो. १९७१ साली गिरगावातल्या एका छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवायला लागलो. पुढे संगणक आले, खिळे ठेवायच्या खान्याखान्यांच्या पेट्या, म्हणजे केसेस, भंगारात गेल्या आणि मी मुद्रितशोधनाकडे, म्हणजे छपाईतल्या चुका शोधण्याकडे वळलो. २०१३ साली निवृत्त झालो. म्हणजे ४२ वर्षं अक्षरांशिवाय दुसरं काही केलं नाही. तरीही मूल वाचायला कसं शिकतं याचा विचार मी कधी केला नव्हता. तो गेल्या दिवाळीनंतर करावा लागला.

आमच्या मजल्यावर पोळीभाजीच्या ऑर्डरी घेणारी एक बाई राहते. एका संध्याकाळी ती चौथीतल्या मुलाला घेऊन आली. म्हणाली, “काका, याचा जरा अभ्यास घ्याल का? शाळेत बाई म्हणतात वाचनात मागे आहे. घरी तर धडाधड वाचतो.” मुलाने पुस्तक उघडलं आणि खरोखर धडाधड वाचलं. कुठे अडखळला नाही. पण माझं लक्ष सवयीने त्याच्या बोटाकडे गेलं. बोट ‘पाऊस’वर होतं आणि तोंडात ‘बेडूक’ होता. ओळ म्हणून संपली तेव्हा बोट अजून मधेच रेंगाळत होतं. मी पानावरच्या चित्रावर हात ठेवला आणि खालचा एक शब्द दाखवला, ‘छत्री’. तो शब्दाकडे न बघता माझ्या हाताकडे बघत राहिला.

मग पाटीवर लिहिलं, ‘दादर’. काना सोडला तर त्यात द आणि र एवढंच आहे. तो म्हणाला, “द… दगड?” माझा चेहरा बघून म्हणाला, “दप्तर?” त्यानंतर मी मुद्दाम अर्थ नसलेला शब्द लिहिला, ‘मोकी’. त्याने क्षणात सांगितलं, “मोठी.” मी मान हलवल्यावर म्हणाला, “आजोबा, पण असा शब्दच नसतो.” मी म्हटलं, “बरोबर, नसतो. पण लिहिलंय काय, ते सांग.” ते त्याला सांगता आलं नाही.

म्हणजे चार वर्षं हा मुलगा पहिलं अक्षर, चित्र आणि कानावर पडलेलं पाठांतर या तीन गोष्टींवर निभावून नेत होता. तो आळशी नव्हता. इतका धडा पाठ करायला बुद्धी लागते. त्याला वाचायला कुणी शिकवलंच नव्हतं. वर्गात चाळीस मुलं एका सुरात धडा म्हणतात, त्या सुरात त्याचा सूर मिसळून गेला होता.

माझी पुतणी एका शाळेत दुसरीच्या वर्गाला शिकवते. तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “काका, याला अंदाजाने वाचणं म्हणतात. माझ्या वर्गातही आहेत अशी मुलं.” तिच्याकडून मला ‘स्ट्रक्चर्ड लिटरसी’ हा शब्द पहिल्यांदा कळला. लिपीतली कुठली खूण कुठल्या आवाजाची आहे हे मुलाला उघड सांगायचं, सोप्याकडून अवघडाकडे ठरलेल्या क्रमाने जायचं, आधीचं पक्कं झाल्याशिवाय पुढचं घ्यायचं नाही, आणि प्रत्येक मुलाचं एकेकट्याचं वाचन ऐकून कोण कुठे अडलंय ते टिपायचं. मूल आपोआप शिकेल, त्याच्याभोवती पुस्तकं ठेवली की पुरे, असं यात गृहीत धरत नाहीत. बोलणं मूल आपोआप शिकतं. वाचणं शिकवावं लागतं.

हे ऐकताना मला माझा छापखान्यातला पहिला महिना आठवला. नव्या पोराच्या हातात कुणी मजकूर देत नसे. छापून झालेले खिळे धुऊन पुन्हा आपापल्या खान्यात टाकायचे, एवढंच काम. मराठीच्या केसला शेकड्यांनी खाने. सबंध अक्षरं, अर्धी अक्षरं, काने, मात्रा, वेलांट्या, रफार, सगळ्यांची घरं वेगळी. खिळा उचलायचा, डोळ्यासमोर धरायचा, उलटं अक्षर ओळखायचं, टाकायचं. ‘घ’ च्या घरात ‘ध’ पडला की दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी लग्नपत्रिकेत चूक निघणार. हात न बघता खान्यात जाऊ लागला, तेव्हाच आमच्या फोरमनने खिळे ओळीत लावायची पट्टी, म्हणजे स्टिक, हातात दिली. कुणी मला खिळ्यांच्या ढिगासमोर बसवून “लाव अंदाजाने” म्हटलं नव्हतं.

आपल्याकडे या विषयावर बोलताना लोकांचे दोन तट पडतात. एक म्हणतो, पूर्वीसारखी बाराखडी घोकून घ्या. दुसरा म्हणतो, बाराखडीने मुलं कंटाळतात, गोष्टी आणि चित्रं द्या, अक्षरं येतील मागून. माझ्या या मुलाला बाराखडी येत होती! ‘क का कि की’ पासून चालीवर बिनचूक म्हणायचा. पण मधलाच ‘कू’ पाटीवर काढला की मनातल्या मनात ‘क’ पासून मोजत यायचा. ती त्याला गाणं म्हणून येत होती, अक्षरं म्हणून नाही. आणि चित्रांनी काय केलं ते वर लिहिलंच आहे. गोष्टी हव्यातच, भरपूर हव्यात, मोठ्याने वाचून दाखवायला हव्यात. १९८६ साली गॉफ आणि टनमर या अभ्यासकांनी एक साधा विचार मांडला: वाचन म्हणजे लिपी उलगडण्याची क्षमता गुणिले भाषा समजण्याची क्षमता. बेरीज नव्हे, गुणाकार. दोहोंपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्य. मुलाला मराठी उत्तम समजत होतं. त्याचं शून्य दुसरीकडे होतं.

बाहेरच्या देशांनी हा वाद पुराव्यांवर घासून पाहिला आहे. अमेरिकेत २००० साली ‘नॅशनल रीडिंग पॅनेल’ने संशोधन चाळून सांगितलं की शब्दातले सुटे आवाज ओळखणं, अक्षर आणि आवाजाचं नातं, ओघ, शब्दसंग्रह आणि आकलन, या पाचही गोष्टी शिकवायला हव्यात. इंग्लंडने २००६ च्या रोझ अहवालानंतर फोनिक्सचा, म्हणजे अक्षर आणि आवाज जोडून शिकवण्याचा, रस्ता धरला आणि २०१२ पासून पहिलीच्या मुलांची एक छोटी चाचणी सुरू केली. त्यात ४० शब्द असतात आणि त्यांतले २० निरर्थक असतात. हे वाचून माझ्या अंगावर काटा आला, कारण ‘मोकी’ मला कुणी शिकवलेला नव्हता. आणि अमेरिकेतलं मिसिसिपी राज्य, चौथीच्या वाचनात पार तळाला असलेलं. तिथे २०१३ मध्ये कायदा झाला, शिक्षकांना या पद्धतीचं प्रशिक्षण मिळालं, शाळाशाळांत वाचनाचे मार्गदर्शक गेले. २०१९ मध्ये ते राज्य राष्ट्रीय सरासरीला येऊन पोचलं. तेही गरीब राज्य आहे.

पण त्यांचं इंग्रजी आणि आपली देवनागरी यांत फरक आहे, आणि आपल्या शिक्षकांना दिलं जाणारं प्रशिक्षण तिथे कमी पडतं असं माझं मत आहे. इंग्रजीत अक्षरं २६. आपल्याकडे काना-मात्रा-जोडाक्षरं धरली तर चिन्हं शेकड्यांत जातात. सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांवर केलेल्या अभ्यासात हेच दिसलं, की अक्षरांचा हा सगळा पसारा अंगवळणी पडायला मुलांना प्राथमिक शाळेची कितीतरी वर्षं लागतात. पालघरमधला वाडा आणि कर्नाटकातला यादगीर इथल्या पहिली ते तिसरीच्या मुलांमागे राहून झालेला एक मोठा अभ्यास २०१७ मध्ये आला, त्याचंही सांगणं याच दिशेचं होतं. आपण मात्र पहिलीच्या दिवाळीपर्यंत मुळाक्षरं ‘संपवतो’ आणि दुसरीत धडे सुरू करतो. ज्याला आलं त्याला आलं.

पाटीवरचं आपलं जुनं ‘ग म भ न’ घ्या. चारही अक्षरांना हाताचं वळण जवळजवळ एकच, म्हणून लिहायला ते उत्तम. ज्याने हा क्रम लावला तो शहाणा माणूस होता. पण वाचायला? म आणि भ शेजारी शेजारी आल्यावर मुलाच्या डोळ्याचा गोंधळ होतो. मी ४२ वर्षं प्रुफात हीच अक्षरं पकडत आलो: म-भ, घ-ध, ब-व, थ-य, प-ष. मोठी माणसं त्यांत फसतात. म्हणून वाचनासाठी दिसायला सारखी अक्षरं एकमेकांपासून दूर ठेवावी लागतात. ‘घ’ शिकवला की ‘ध’ महिनाभर बाजूला. आम्ही तसं केलं.

पहिल्या आठवड्यात घेतली सहा चिन्हं: क, न, र, ल, म आणि काना. त्यातून कान, नाक, मान, लाल, काका, मामा, मका, कार. मी परातीत रवा पसरायचो, तो बोटाने अक्षर काढायचा आणि त्याच दमात मोठ्याने म्हणायचा. पुतणी म्हणाली, अमेरिकेत १९३० च्या दशकात ऑर्टन नावाचे मेंदूचे डॉक्टर आणि गिलिंगहॅम नावाच्या शिक्षिका यांनी वाचनात अडणाऱ्या मुलांसाठी हीच रीत बसवली: बघायचं, म्हणायचं, ऐकायचं आणि हाताने गिरवायचं, सगळं एकदम. माझे आजोबा रत्नागिरीकडे धूळपाटीवर शिकले होते. त्यांना हे ऐकून नवल वाटलं नसतं.

आठव्या दिवशी त्याने पहिलं वाक्य वाचलं. ‘नानाला लाल कार.’ वाक्य फार ग्रेट नाही, क्रियापदही नाही. पण त्यात एकही चिन्ह असं नव्हतं जे त्याला शिकवलेलं नव्हतं, म्हणून अंदाजाला जागाच नव्हती. त्याने बोट ‘ना’वर ठेवलं, मग ‘ना’, मग ‘ला’. या वेळी बोट आणि जीभ एका जागी होती. वाचून झाल्यावर त्याने वर बघितलं आणि “परत वाचू?” असं विचारलं.

तरी अडचण होतीच. चौथीतल्या मुलाला मित्रांदेखत ‘लाल कार’ वाचायची लाज वाटणारच. म्हणून आम्ही पुस्तक मिटलं आणि स्टेशनच्या आणि बसच्या पाट्या घेतल्या. मुंबईकर मुलाला त्या जन्मापासून ओळखीच्या, वयाचा प्रश्न नाही, आणि सोप्यापासून अवघडापर्यंत सगळं त्यांत सापडतं. दादर, परळ, लालबाग यांत वेलांटीसुद्धा नाही. ‘लालबाग’मध्ये एक मौज मलाही नव्याने दिसली. मधला ‘ल’ लिहितो पूर्ण, पण जीभ त्याला अर्धा करून टाकते. मुलं ला-ल-बा-ग असं एकेक अक्षर सुटं वाचतात आणि मग त्यांना शब्द ओळखूच येत नाही. अक्षरं जोडून वेगाने म्हटल्यावर जो आवाज येतो तो आपल्या रोजच्या बोलण्यातला शब्द आहे, हे दाखवावं लागतं. परळच्या शेवटच्या ‘ळ’चंही तेच.

मग वरळी, माहीम, शीव. मग पहिली, म्हणजे ऱ्हस्व वेलांटी, आणि तिथे तो पंधरा दिवस अडला. ‘चिंचपोकळी’च्या सुरुवातीला डोळ्याला आधी वेलांटी दिसते आणि मग च, पण तोंडात आधी च येतो आणि मग इकार. खिळे जुळवताना आम्हीही वेलांटीचा खिळा आधी घ्यायचो आणि अक्षराचा मागून, त्यामुळे मला त्याची अडचण लगेच समजली. ही गोष्ट मुलाला शब्दांत सांगायला हवी: ही वेलांटी आधी दिसते, पण थांब, पुढचं अक्षर बघ, आणि मग म्हण. वेलांटी ओलांडून पुढे जायचं आणि मग मागे यायचं, याचाच तो दारातून उडी मारून मागे येण्याचा खेळ करायचा. वेलांटीचं हे त्याला आधी कुणी एकदाही सांगितलं नव्हतं.

अनुस्वाराला तर मुंबईने आयती शाळा काढून ठेवली आहे. माटुंगा, चिंचपोकळी, मुलुंड, वांद्रे, चेंबूर. टिंब पाचही ठिकाणी एकच, पण ही नावं सावकाश म्हणून बघा. माटुंग्याचा अनुस्वार घशाजवळ वाजतो, चिंचपोकळीचा टाळूवर, मुलुंडचा जीभ वर वळवून, वांद्र्याचा दातांमागे आणि चेंबूरला ओठ मिटतात. पुढचं अक्षर जिथे उच्चारायचं तिथेच टिंबाचा आवाज येतो. मुलाने पाचही नावं म्हणताना स्वतःच्या तोंडात बोट घालून पाहिलं. त्यानंतर अनुस्वार पुन्हा शिकवावा लागला नाही.

सगळ्यांत जास्त दिवस घेतले ‘र’ने. कुर्ल्याचा र डोक्यावर चढून बसतो आणि आधी म्हणायचा असतो. विक्रोळीचा र पोटात तिरपी रेघ होऊन बसतो आणि नंतर म्हणायचा असतो. मेट्रोच्या पाटीवर तोच र खाली टोपीसारखा. आणि ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ मधला आणखी निराळा. चार रूपांचं हे अक्षर आपण दुसरीच्या एखाद्या पाठाखाली ‘जोडाक्षरे वाचा’ अशा चौकटीत उरकून टाकतो. त्यावर सलग तीन आठवडे द्यायला हवेत. शिवाय ‘चाळ’ आणि ‘चिंच’ यांतला च एकच लिहितात आणि दोन तऱ्हांनी म्हणतात. घरी भोजपुरी किंवा तेलुगू बोलणाऱ्या मुलाला हे कळणार कसं, जर वर्गात कुणी सांगितलं नाही? मुंबई महापालिका आठ माध्यमांतून शाळा चालवते. पण मराठी माध्यमाच्या वर्गातही सगळी मुलं मराठी घरातलीच असतात असं नाही.

इंग्रजी माध्यमाबद्दल थोडक्यात लिहितो, कारण आमच्या चाळीतली अर्धी मुलं तिकडे आहेत. घरात इंग्रजीचं वारं नाही आणि मुलं ‘सी ए टी कॅट’ असं स्पेलिंग घोकतात. सी, ए, टी ही अक्षरांची नावं झाली. ती कितीही वेगाने म्हटली तरी ‘कॅट’ होत नाही. आवाज शिकवले तर होतं. तिथे अडचण दुहेरी आहे, कारण शब्द उलगडला तरी अर्थ कळत नाही. वरच्या गुणाकारातली दोन्ही घरं रिकामी.

सरकारने काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. लहान मुलांना वाचता आणि हिशेब करता यावा म्हणून केंद्राचं ‘निपुण भारत’ अभियान ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालं. तिसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत असं त्यात म्हटलं आहे, आणि २०२६-२७ पर्यंत तिथे पोचायचं आहे. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय आराखड्यात तोंडी भाषा, शब्द ओळखणं, वाचन आणि लेखन या चारही अंगांना रोज वेळ द्या असं सांगितलं आहे. कागद चांगला आहे. पण मुलांना वाचता, हिशेब करता येतो का हे घरोघर जाऊन तपासणाऱ्या ‘असर’च्या पाहणीत देशातल्या सरकारी शाळांत तिसरीतल्या किती मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येतो, तर २०१८ मध्ये २०.९ टक्के, २०२२ मध्ये १६.३ आणि २०२४ मध्ये २३.४. सुधारणा आहे, मान्य. तरी चारांतली तीन मुलं वाचत नाहीत. आणि ही पाहणी ग्रामीण भागात होते. आपल्या मुंबईतल्या मुलांचा त्यात हिशेबच नाही. ज्या ‘प्रथम’ संस्थेमुळे ही पाहणी उभी राहिली, तिचं काम १९९० च्या दशकात मुंबईच्याच वस्त्यांतून सुरू झालं होतं. म्हणून ही गोष्ट मला जास्त लागते.

माझ्या पुतणीच्या वर्गात ३८ मुलं आहेत. ती म्हणते, “काका, एकेकाचं एक मिनिट ऐकायचं तर अडतीस मिनिटं. तेवढी मला महिन्यातून एकदा द्या, मी सांगते कोण बुडतंय.” ती मिनिटं निवडणुकीच्या यादीत, सर्वेक्षणात आणि मोबाइलवर माहिती भरण्यात जातात. शिक्षकाला दोष देऊन हा प्रश्न सुटणार नाही. शिक्षकाच्या पदविकेत मानसशास्त्राचे सिद्धांत आहेत. रफार कसा शिकवायचा, वेलांटीला मूल का अडतं, घ आणि ध यांत किती अंतर ठेवायचं, हे तिला तिथे कुणी शिकवलं नाही असं ती सांगते. ते शिकवा. आणि दर महिन्याला ती अडतीस मिनिटं तिच्या वेळापत्रकात छापून द्या, म्हणजे कुणाला ती काढून घेता येणार नाहीत. १९६७ साली स्थापन झालेल्या बालभारतीने पिढ्यान् पिढ्यांना पाठ्यपुस्तकं दिली. शिकवलेल्या अक्षरांतूनच बनलेल्या, पंधरा-वीस पानी, क्रमवार वाचनपुस्तिका तिला सहज काढता येतील. वाडा तालुक्यातल्या सोनाळ्याच्या ‘क्वेस्ट’सारख्या संस्थांकडे मराठी वाचनाचा अनेक वर्षांचा अनुभव आहे, त्यांना सोबत घ्यावं.

मला याची एवढी तळमळ का, तेही सांगतो. माझा धाकटा भाऊ पाचवीतून शाळा सोडून गिरणीत लागला. शाळेत त्याला रोज छड्या बसायच्या, कारण ओळीवरून नजर घसरायची, ‘ब’चा ‘व’ व्हायचा. त्या काळी त्याला ‘ढ’ म्हणायचे. आज २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अशा विशिष्ट अध्ययन अक्षमतेला जागा आहे. तेव्हा छडी होती. १९८२ चा संप झाला, गिरणी गेली. तो रोज सकाळी बगलेत पेपर मारून नाक्यावर जायचा, चहा प्यायचा, पेपर उघडून बसायचा. मी त्याच पेपरच्या धंद्यातला माणूस. तो वाचत नव्हता हे मला तो गेल्यावर त्याच्या बायकोने सांगितलं. फॉर्म आला की तो चष्मा विसरल्याचं सांगायचा. एका खोलीत आम्ही वाढलो, मी दिवसभर खिळे ओळखत होतो, आणि त्याला शेजारी बसवून ‘ब’ आणि ‘व’ वेगळे करून दाखवायचं माझ्या मनात कधी आलं नाही. आज ज्या पद्धतीबद्दल लिहितो आहे ती अशा मुलांसाठीच आधी तयार झाली. ज्यांना अडचण नाही त्यांचंही तिने काही बिघडत नाही, उलट ती लवकर पुढे जातात.

शेजारचा मुलगा आता पाचवीत गेला. रोज २५ मिनिटं, सणवार सोडून. गेल्या आठवड्यात न पाहिलेला उतारा दिला, घड्याळ लावलं. मिनिटाला ४१ शब्द. तिसरीच्या ६० ला अजून पोचलेला नाही, ‘ष्ट्र’ला अजून अडतो. पण करी रोडच्या पुलावरून जाताना दुकानांच्या पाट्या न सांगता वाचतो, आणि चुकला तर मागे जाऊन स्वतः दुरुस्त करतो. त्याची आई आता ऑर्डरींची यादी त्याच्याकडून वाचून घेते.

आता विनंती. आठवड्यातून एकदा, मुलांच्या पानावर एक चौकट द्यावी, दहा ओळींची. अक्षर १८ पॉइंटचं, ज्याला आम्ही ‘ग्रेट’ म्हणायचो. पहिल्या आठवड्यात काना आणि मोजकी अक्षरं, मग दर आठवड्याला एक-दोन नवी चिन्हं, जुनी सोबत ठेवून. जोडाक्षरं दिवाळीनंतर. मजकूर मुंबईतला, म्हणजे मोठ्या मुलालाही वाचायला लाज वाटणार नाही. ज्या घरात मुलांचं एकही पुस्तक नाही, त्या घरातही वडापावाच्या पुडीतून आपला पेपर पोचतो. मजकूर मी लिहून देईन, मुद्रितंही तपासेन, मोबदला नको. पहिल्या चार आठवड्यांचा मजकूर या पत्रासोबत जोडला आहे. छापताना ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे लावावेत. संगणकावर पुष्कळदा हिंदी वळणाचे येतात, आणि पुस्तकात एक ‘ल’ व पेपरात दुसराच बघून मूल तिथेच थांबतं.

आपला नम्र,
एक निवृत्त खिळे जुळारी, लालबाग, मुंबई